सैल केलेला लगाम

आमच्या कॉलेजांत अनेक वर्षें संस्कृत शिकविणारे एक स्नेही आहेत. त्यांस फुफ्फुसाचा कर्करोग असल्याचें निदान झालें, तेव्हां रोग छातीबाहेर पसरलेला होता. डॉक्टरांनीं त्यांस 'इम्यूनोथेरपी' या नांवानें ओळखला जाणारा नवा उपाय सुचविला, आणि दर तीन आठवड्यांनीं शिरेंतून औषध देण्यास आरंभ झाला. तीन महिन्यांत गांठ निम्म्याहून लहान झाली, अन्नावर वासना आली, आणि कपाटांत बंद करून ठेवलेल्या पोथ्या पुन्हां मेजावर आल्या. पुढें एके दिवशीं कोरडा खोकला सुरू झाला. जिना चढतांना दम लागूं लागला. घरच्या मंडळींस वाटलें, पावसाळी हवा बाधली. आमच्या स्नेह्यांस मात्र निराळीच शंका आली होती, पण ती त्यांनीं कोणास बोलून दाखविली नाहीं. खोकल्याचें नांव काढलें तर औषध बंद होईल, ही एक भीति. आणि उपद्रव झाला म्हणजे औषध लागूं पडलें असें समजावें, असें कोणीं तरी कानावर घातलेलें, हा एक दिलासा. या दोहोंच्या मध्यें ते गप्प राहिले. अखेर रात्रीं त्यांस इस्पितळांत न्यावें लागलें, तेव्हां दोन शब्द सलग बोलण्याइतका श्वास त्यांच्यापाशीं उरला नव्हता. तपासणीअंतीं कळलें तें असें कीं, रोग वाढला नव्हता. फुफ्फुसांस हा दाह औषधानेंच आणला होता.

वैद्यक हा आमचा विषय नव्हे. आम्ही इतिहासाचे अध्यापक. परंतु इतिहास शिकविणाऱ्या माणसास एक खोड जडलेली असते. घडलेल्या गोष्टीपेक्षां ती कोणास, केव्हां आणि कशावरून कळली, याकडे त्याचें लक्ष आधीं जातें. त्या रात्रीं इस्पितळाच्या ओसरींत बसलों असतां आमच्या मनांत हेच प्रश्न घोळूं लागले. हा धोका वैद्यांस ठाऊक होता काय? होता तर केव्हांपासून? आणि जाणत्यांस ठाऊक असलेली गोष्ट आमच्या विद्वान् स्नेह्यापर्यंत पोंचावयास इतका उशीर कां लागला? पुढें जें आम्हीं वाचलें व विचारून घेतलें, तें या प्रश्नांच्या क्रमानें वाचकांपुढें ठेवीत आहों.

शरीराच्या प्रतिकारशक्तीस डिंवचून रोग हटवावा, ही कल्पना आजची नाहीं. १८९० सालच्या ऑगस्ट महिन्यांत बर्लिन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेंत रॉबर्ट कॉख यांनीं क्षयजंतूंची वाढ रोखणारा पदार्थ आपणांस सांपडल्याचें जाहीर केलें. क्षयाचा जंतु ज्यानें जगास दाखविला त्या पुरुषाचा हा शब्द. त्यावर अविश्वास कोणी दाखवावा? क्षयाचे रोगी बर्लिनकडे लोटले. पुढें ट्यूबरक्युलिन या नांवानें प्रसिद्ध झालेला तो पदार्थ टोंचला कीं रोग्यास हुडहुडी भरून सडकून ताप येई आणि रोगट जागा लाल होऊन सुजे. हा ताप आणि ही सूज गुणाची खूण म्हणून मोठ्या आशेनें पाहिली जात असे. १८९१ च्या जानेवारींत रुडॉल्फ फिर्शो यांनीं या उपचारानंतर मृत्यु पावलेल्या रोग्यांच्या शवविच्छेदनाचा वृत्तान्त मांडला. औषधानें क्षय बरा झाला नव्हता; उलट कित्येकांच्या शरीरांत तो नव्या जागीं पसरल्याच्या खुणा होत्या. ट्यूबरक्युलिन आज उपाय म्हणून नव्हे, तर क्षयसंसर्ग ओळखण्याच्या परीक्षेचें साधन म्हणून शिल्लक आहे.

त्याच १८९१ सालीं न्यूयॉर्क शहरांत विल्यम कोली नांवाचा एक तरुण शस्त्रवैद्य दुसऱ्याच वाटेनें याच कल्पनेपर्यंत आला. त्याची एक सतरा वर्षांची रोगी मुलगी हाताच्या सार्कोमानें, म्हणजे हाडामांसाच्या कर्करोगानें, हात कापूनहि दगावली होती. ती गोष्ट त्याच्या मनास इतकी लागली कीं त्यानें इस्पितळाचीं जुनीं दप्तरें उपसावयास घेतलीं. त्यांत त्यास एका रोग्याची नोंद सांपडली. मानेवरील गांठ वारंवार कापूनहि परत वाढत होती. मग त्या जागीं विसर्प झाला, ताप आला, आणि गांठ वितळून गेली. त्या माणसाचा शहराच्या गरीब वस्तींत शोध घेतां तो धडधाकट सांपडला. तेव्हां कोलीनें मुद्दाम विसर्पाचे जंतु रोग्यांस टोंचून पाहिले. पहिल्या रोग्यास फार मोठा ताप येऊन गांठ विरली व तो पुढें कित्येक वर्षें जगला. पण कांहीं रोगी त्या जिवंत जंतूंनींच मेले. मग कोली मारलेल्या जंतूंचें मिश्रण देऊं लागला, तें 'कोलीचें विष' म्हणून ओळखलें गेलें. त्याच्याजवळ गुण आलेल्या रोग्यांच्या हकीगती पुष्कळ होत्या; परंतु मिश्रणाची कृति, मात्रा व नोंदीची पद्धत एकसारखी नसल्यामुळें इतरांस तो गुण पडताळून पाहतां येईना. १९३६ सालीं कोली वारला, आणि तोंपर्यंत किरणोपचारानें त्याचा मार्ग झांकून टाकला होता.

या दोन हकीगती आम्हीं मुद्दाम शेजारीं ठेवल्या आहेत. बर्लिनमध्यें दाहास गुण मानण्याची चूक झाली. न्यूयॉर्कमध्यें दाहाबरोबर खरोखरच गुण आला, पण त्याचा हिशेब नीट ठेवला गेला नाहीं. पुढील सव्वाशें वर्षांची सारी कथा या दोन चुकांभोंवतीं फिरते, असें आम्हांस दिसतें.

शरीराची शस्त्रें शरीरावरच कां उलटत नाहींत, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभीं पॉल एर्लिख यांनीं विचारला. आपल्याच पेशींवर विष सोडण्याची शरीरास जणूं दहशत असते, असें त्यांचें म्हणणें होतें, आणि त्या दहशतीस त्यांनीं एक लॅटिन नांवहि दिलें. त्यांच्या वचनाचा पुढें असा अर्थ घेतला गेला कीं, असली आत्मघातकी लढाई घडतच नाहीं. १९१२ सालीं जपानांतील हाकारू हाशिमोतो यांनीं गळ्यांतील थायरॉइड ग्रंथींत पांढऱ्या पेशींची दाटी होऊन ग्रंथि नासल्याचें वर्णन केलें. पण ही शरीराचीच स्वतःवरील स्वारी आहे हें सिद्ध व्हावयास १९५६ साल उजाडलें. म्हणजे दहशत असते हें खरें. पण ती मोडूंहि शकते. मग ती राखतो कोण?

याचें उत्तर गेल्या शतकाच्या अखेरीस मिळालें. रक्तांतील टी-पेशी हें शरीराचें घोडदळ होय. शत्रु दिसला कीं तें चौखूर उधळतें. पण उधळलेला घोडा धन्याचेंहि शेत तुडवील, म्हणून निसर्गानें त्याच्या तोंडांत लगाम घातला आहे. किंबहुना एक नव्हे, अनेक लगाम घातले आहेत. सीटीएलए-४ हा त्यांतील एक. पीडी-१ हा दुसरा; तो क्योतो येथें तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेंत १९९२ सालीं प्रथम हातीं लागला. कर्करोगाची लबाडी अशी कीं, त्याच्या पेशी या दुसऱ्या लगामास हात घालून तो खेंचून धरतात, आणि घोडा शत्रूसमोर उभा असूनहि जागचा हालत नाहीं. अमेरिकेंत जेम्स ॲलिसन यांनीं १९९६ सालीं असें दाखविलें कीं, प्रतिद्रव्य देऊन सीटीएलए-४ चा लगाम निकामी केला तर उंदरांच्या गांठी नाहींशा होतात. नवें औषध शत्रूस मारीत नाहीं. तें केवळ लगाम सैल करतें. या शोधाबद्दल ॲलिसन व होंजो या दोघांस २०१८ चें नोबेल पारितोषिक मिळालें, तें उचितच होय.

परंतु त्याच प्रयोगशाळांत आणखी एक गोष्ट लिहून ठेवली गेली होती. सीटीएलए-४ जन्मतःच नसलेले उंदीर शास्त्रज्ञांनीं १९९५ मध्यें तयार केले. ते जन्मल्यापासून तीन-चार आठवड्यांत मेले. त्यांच्या हृदयांत आणि स्वादुपिंडांत टी-पेशी शिरून सारें पोखरून गेल्या होत्या. पीडी-१ नसलेल्या उंदरांस १९९९ च्या वृत्तान्ताप्रमाणें सांध्यांचा व मूत्रपिंडांचा दाह झाला, तर २००१ मध्यें दुसऱ्या वाणाच्या उंदरांत हृदय फुगून निकामी झालेलें आढळलें. लगाम काढला तर काय होईल, हें मुक्या जनावरांनीं माणसाच्या आधीं सांगून ठेवलें होतें. आमच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर येथेंच मिळालें : धोका ठाऊक होता, आणि औषध माणसास मिळण्यापूर्वींच ठाऊक होता.

माणसांत तो दिसावयास वेळ लागला नाहीं. अमेरिकेंतील बेथेस्डा येथें सीटीएलए-४ रोखणारें औषध त्वचेच्या मेलॅनोमा नामक कर्करोगाच्या १४ रोग्यांस एका लसीसह देण्यांत आलें. २००३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्ताप्रमाणें त्यांतील तिघांच्या गांठी आटल्या, आणि सहा जणांस कातडी, आंतडें, यकृत किंवा मेंदूच्या तळाची पिट्यूटरी ग्रंथि यांचा तीव्र दाह झाला. ज्या रोगावर कांहींच चालत नव्हतें त्यावर हा गुण थोडा नव्हता. पण गुणापेक्षां उपद्रवाची संख्या दुप्पट होती. २०१० मध्यें ६७६ रोग्यांच्या मोठ्या चांचणीनें या औषधानें आयुष्य वाढतें हें सिद्ध केलें. त्याच चांचणींत १४ मृत्यूंचा संबंध औषधांशीं लावण्यांत आला. २०११ च्या मार्चमध्यें इपिलिमुमॅब या नांवानें अमेरिकेंत त्यास परवानगी मिळाली. डॉक्टर मंडळी हळूहळू एक धडा शिकलीं. या औषधाच्या रोग्यास जुलाब लागले तर तें केवळ अपचन समजूं नये. आंतड्यास भोंक पडण्यापूर्वीं स्टेरॉइड देऊन घोड्यास आवरावें.

फुफ्फुसाचा कर्करोग या कथेंत उशिरां आला. या रोगास प्रतिकारशक्ति दाद देत नाहीं असाच सामान्य समज होता. २०१२ सालीं पीडी-१ रोखणाऱ्या औषधाचा, पुढें ज्यास निव्होलुमॅब म्हणूं लागले त्याचा, २९६ रोग्यांवरील वृत्तान्त प्रसिद्ध झाला, आणि त्यांत फुफ्फुसाच्या ७६ रोग्यांपैकीं १४ जणांच्या गांठी लक्षणीय आटल्याचें पाहून जाणते चकित झाले. त्याच वृत्तान्तांत सर्व मिळून तीन रोगी औषधजन्य फुफ्फुसदाहानें मेल्याची नोंद होती. या दाहास डॉक्टर न्यूमोनायटिस म्हणतात; न्यूमोनियाप्रमाणें तो जंतूंमुळें होत नाहीं. मार्च २०१५ मध्यें फुफ्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगासाठीं या औषधास अमेरिकेंत परवानगी मिळाली. ज्या चांचणीवर ती आधारलेली होती, तींत एक वर्ष जगलेल्यांचें प्रमाण जुन्या औषधानें शेंकडा २४ होतें, तें नव्यानें ४२ झालें. ज्यांच्या गांठींत लगाम खेंचणारें द्रव्य भरपूर आहे अशा निवडक ३०५ रोग्यांच्या चांचणींत पेम्ब्रोलिझुमॅब या औषधानें आणखी सरस निकाल दिला : पांच वर्षांनंतर त्या बाजूचे शेंकडा ३२ रोगी जिवंत होते, जुन्या रसायनोपचाराच्या बाजूचे १६. पसरलेल्या फुफ्फुसकर्करोगांत पांच वर्षें ही गोष्ट पूर्वीं जवळजवळ ऐकिवांत नव्हती. उपद्रवांचा इतिहास लिहितांना हे आकडे दृष्टीआड करणें अन्याय होईल. आमच्या स्नेह्यांच्या मेजावर पोथ्या परत आल्या त्या याच औषधामुळें.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. चांचण्यांत न्यूमोनायटिसचें प्रमाण शेंकडा तीन ते पांचच्या आसपास दिसत होतें. औषध बाजारांत येऊन सामान्य रोग्यांस मिळूं लागल्यावर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील डॉक्टरांनीं आपल्या फुफ्फुसकर्करोगाच्या २०५ रोग्यांचीं टिपणें तपासलीं. २०१८ मध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलेला आकडा शेंकडा १९ होता. पांचांत जवळजवळ एक! हा फरक कोठून आला?

कोणी लबाडी केली असा याचा अर्थ नव्हे. चांचणींत घ्यावयाचे रोगी पारखून घ्यावे लागतात, नाहीं तर गुण औषधाचा कीं दैवाचा हें ठरतच नाहीं. त्यासाठीं हिंडता-फिरता रोगी निवडतात. ज्यास आधींच संधिवातासारखा स्वतःवर उलटलेला रोग आहे, ज्याच्या फुफ्फुसांत पूर्वींचा व्रण किंवा दाह आहे, जो रोज दहा मिलिग्रॅमहून अधिक स्टेरॉइड घेतो, ज्याच्या मेंदूंत उपचार न झालेली गांठ आहे, अशांस बहुधा वगळतात. आतां खऱ्या इस्पितळांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचा रोगी कोण असतो? साठी-सत्तरी उलटलेला, चाळीस वर्षें विडी-सिगारेट ओढून फुफ्फुस जर्जर झालेला, छातीवर किरणोपचार घेतलेला, जिन्याच्या चार पायऱ्यांत बसून घेणारा. किरणोपचाराचीच गोष्ट घ्या. किरण व रसायन संपल्यावर दुर्व्हालुमॅब हें औषध देण्याच्या चांचणींत न्यूमोनायटिसचा लहानमोठा उपद्रव शेंकडा ३४ जणांस झाला. औषधाऐवजीं नुसतें पाणी मिळालेल्यांतहि तो शेंकडा २५ जणांस होता. म्हणजे पूर्वीं भाजलेल्या जमिनीवर हा घोडा सोडला जातो. तो अडखळला तर नवल काय?

आमच्या विषयांतील एक दाखला येथें द्यावासा वाटतो. मराठ्यांच्या इतिहासाविषयीं एके काळीं बखरींवर सारी भिस्त होती. बखर रचलेली असते. तींत मोठीं माणसें, मोठ्या लढाया व ठरीव क्रम असतो. राजवाड्यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' खंडाखंडानें छापावयास घेतलीं, तेव्हां मोठ्या घटनांखालचें लहान जग, कोणाची उसनवारी, कोणाचें आजारपण, कोणाची तक्रार, हें अस्सल चिठ्ठ्याचपाट्यांतून वर आलें. चांचणी ही बखरीसारखी कल्पित नसते, हें आम्ही जाणतों. तिचे आकडे मोजून-तोलून घेतलेले असतात. तरी तीहि एक निवड असते, आणि निवडींतून गळलेल्यांचें वृत्त तींत सांपडणें शक्य नसतें. तें सामान्य रोग्यांच्या किरकोळ कागदांतच शोधावें लागतें.

हृदयाच्या उपद्रवाचा इतिहास याहून बोलका आहे. उंदरांनीं १९९५ मध्येंच दिलेला इशारा माणसांत उमगावयास एकवीस वर्षें लागलीं. २०१६ मध्यें दोन रोग्यांची हकीगत छापून आली. दोघांस दोन्ही लगाम एकदम सैल करणारीं औषधें एकेकदांच दिलेलीं, आणि दोघेहि हृदयस्नायूच्या भयंकर दाहानें मेलेले. औषधकंपनीच्या दप्तरांत तेव्हां २०,५९४ रोग्यांमागें असे १८ जण सांपडले, म्हणजे हजारीं एकहि नाहीं. पुढें बॉस्टन येथील एका इस्पितळांत डॉक्टर हा दाह मुद्दाम शोधूं लागले, तेव्हां तेथील प्रमाण शेंकडा १.१४ भरलें. उपद्रव एकाएकीं वाढला नव्हता. दम लागून मेलेल्या कर्करोग्याचा मृत्यु कर्करोगाच्याच खातीं मांडण्याची रीत असते. दुसरें खातें उघडल्यावर नोंदी त्यांत पडूं लागल्या.

हें दुसरें खातें उघडून ठेवण्याची व्यवस्थाहि एका जुन्या आपत्तींतून जन्मली आहे. थॅलिडोमाइड नांवाच्या झोंपेच्या औषधानें व्यंग घेऊन जन्मलेल्या बालकांचा प्रकार १९६१ मध्यें उघडकीस आला, आणि त्यानंतर १९६८ पासून जागतिक आरोग्य संघटनेनें देशोदेशींच्या औषधी उपद्रवांच्या नोंदी एकत्र करावयास घेतल्या. त्या आज स्वीडनमधील उप्साला येथें जमा होतात. या दप्तरांत जानेवारी २०१८ पर्यंत नव्या प्रतिकारोपचारामुळें झालेल्या ६१३ मृत्यूंच्या नोंदी सांपडल्या. त्या सर्व प्रकारच्या कर्करोगांच्या होत्या. सीटीएलए-४ च्या औषधानें मेलेल्यांत दहांपैकीं सात आंतड्याच्या दाहानें गेले होते. पीडी-१ च्या गटांतील औषधांत फुफ्फुसदाह सर्वांत पुढें, तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. हृदयदाहाच्या १३१ नोंदींपैकीं ५२ मृत्यूच्या होत्या. वाचकांनीं घाबरून जाऊं नये म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे कीं, त्याच अभ्यासकांनीं चांचण्यांचे आकडे एकत्र केले असतां पीडी-१ च्या औषधानें प्राणास मुकणारे हजारांत चारहूनहि थोडे भरले. धोका दुर्मिळ आहे. पण तो ओळखण्यास झालेला उशीर प्राणघातक आहे.

आतां आमच्या स्नेह्यांच्या दिलाशाकडे येऊं. उपद्रव झाला म्हणजे औषध लागूं पडलें, या समजुतीस आधार नाहींच असें नाहीं. जपानांतील डॉक्टरांनीं निव्होलुमॅब घेतलेल्या फुफ्फुसाच्या १३४ रोग्यांची पाहणी २०१८ मध्यें प्रसिद्ध केली. त्यांतील ६९ जणांस कांहीं ना कांहीं प्रतिकारजन्य उपद्रव झाला होता, आणि हे रोगी इतरांपेक्षां अधिक जगले. जो लगाम सैल झाल्यानें घोडा शत्रूवर गेला, त्याच सैल लगामानें तो शेतांतहि शिरला, असा हा न्याय. परंतु पुरळ उठणें किंवा थायरॉइड मंदावणें निराळें, आणि फुफ्फुस सुजणें निराळें. बाल्टिमोरच्या ज्या टिपणांचा उल्लेख वर केला, त्यांत न्यूमोनायटिस झालेल्यांचें आयुष्य उणावलेलेंच दिसलें. १८९० मध्यें बर्लिनला सुजलेली जागा पाहून जी आशा पालवली, तीच आमच्या स्नेह्यांच्या घरीं खोकल्याच्या रूपानें पुन्हां आली, आणि तितकीच महाग पडूं पाहत होती. दाह हें औषधाच्या शक्तीचें लक्षण असेल. रोग्याच्या कुशलाचें तें लक्षण नव्हे.

आमच्या देशांत या प्रश्नास आणखी दोन बाजू आहेत. एक क्षयाची. पीडी-१ नसलेले उंदीर क्षयजंतूंपुढें इतर उंदरांहून लवकर मरतात, हें २०१० च्या सुमारास आढळून आलें होतें. म्हणजे हा लगाम क्षयाविरुद्धच्या लढाईंत फुफ्फुस वांचविण्याचेंहि काम करतो. पीडी-१ ची औषधें घेतांना सुप्त क्षय उसळल्याच्या हकीगती पुढें माणसांतहि नोंदल्या गेल्या. येथें कर्करोगाच्या सांवलीस क्षय समजण्याची चूक पूर्वींपासून होत आली आहे. आतां औषधाच्या दाहास क्षय, क्षयास औषधाचा दाह आणि दोहोंस साधा न्यूमोनिया समजण्याचा संभव वाढला. स्टेरॉइडनें पहिला शमतो, दुसरा भडकतो. घरच्या घरीं तर्क करण्याची ही जागा नव्हे.

दुसरी बाजू पैशाची. पूर्ण मात्रेचा खर्च लाखांच्या घरांत जातो, म्हणून हें औषध येथें थोड्यांसच लाभतें. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं मानेच्या वरील भागाच्या पसरलेल्या कर्करोगांत निव्होलुमॅबची रूढ २४० मिलिग्रॅमच्या जागीं अवघी २० मिलिग्रॅम मात्रा इतर स्वस्त औषधांबरोबर दिली. १५१ रोग्यांच्या त्या चांचणींत एक वर्ष जगणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा १६ वरून ४३ वर गेलें. हा वृत्तान्त २०२३ मध्यें छापला गेला. ती चांचणी फुफ्फुसाची नव्हे. पण अशा वाटेनें हें औषध उद्यां तालुक्याच्या गांवापर्यंत गेलें, तर त्याचे उपद्रवहि तेथेंच उद्भवतील. शहरांतील इस्पितळांत औषध घेऊन एस.टी.नें गांवीं गेलेला रोगी तिसऱ्या आठवड्यांत खोकूं लागला, तर त्यास प्रथम पाहणार तो गांवचा डॉक्टर. आमच्या स्नेह्यांसहि घराजवळच्या दवाखान्यांतून आधीं खोकल्याचें पातळ औषध व पांच दिवसांच्या प्रतिजैविक गोळ्याच मिळाल्या होत्या. आपणांस कोणतें औषध चाललें आहे हें त्यांनीं सांगितलें नव्हतें, आणि डॉक्टरांनींहि विचारलें नव्हतें. उपाय लाखांचा, त्याच्या उपद्रवावरील स्टेरॉइड कोणत्याहि औषधांच्या दुकानांत अल्प किंमतीस मिळणारें. मध्यें उणीव होती ती एका प्रश्नाची आणि एका उत्तराची. आमच्या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर याहून मोठें नाहीं.

भारतांत २०१० पासून औषधी उपद्रवांच्या नोंदीची राष्ट्रीय योजना चालू आहे. तिचें मध्यवर्ती ठाणें गाझियाबाद येथें आहे, आणि डॉक्टरांप्रमाणें रोग्यासहि तेथें आपला अनुभव कळवितां येतो. परंतु ठाणें असून भागत नाहीं, लिहिणारा हवा. हीं औषधें घेणाऱ्या माणसानें कोणत्याहि दवाखान्यांत पाऊल टाकतांच आधीं त्यांचें नांव सांगावें. औषध थांबून महिने लोटले तरी सांगावें, कारण हा उपद्रव उशिरांहि येतो. खोकला, दम, जुलाब, छातींतील कळ, अनावर तहान, असाधारण ग्लानि, यांतील कांहींहि मनांत ठेवूं नये. औषध बंद होईल ही भीति खरी आहे, आणि तिच्याबद्दल रोग्यास दोष देणें सोपें आहे. ती घालविण्याचें काम औषध देणाऱ्याचें आहे : वेळीं सांगितलेला उपद्रव पुष्कळदां आवरतो, आणि सौम्य असल्यास औषध पुन्हां सुरूहि करतां येतें, हें त्यानें पहिल्याच दिवशीं समजावून द्यावें.

आमचे स्नेही वांचले. स्टेरॉइडची मात्रा दोन महिने हळूहळू उतरवीत नेली. कर्करोगाचें औषध पुन्हां सुरू झालें नाहीं. गांठ आज आहे तेथेंच आहे, आणि पुढचें कोणी सांगत नाहीं. थायरॉइडची एक गोळी सकाळीं आयुष्यभर घ्यावयाची आहे. इस्पितळांत त्यांस पाहणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनीं पहिल्या दिवशीं विचारलें, "सर, खोकला किती दिवसांचा?" ते म्हणाले, "दोन-तीन दिवसांचा." तेव्हां त्यांच्या पत्नीनें पिशवींतून एक वही काढून दिली. चाळीस वर्षें रोजचा जमाखर्च आणि हवापाणी लिहिण्याची आमच्या स्नेह्यांची संवय. ती रोगांतहि सुटली नव्हती. खर्चाच्या रकान्याखालीं बारीक अक्षरांत नोंद होती : कोरडा खोकला, आरंभ. तारीख अकरा दिवसांपूर्वींची होती. बाईंनीं ती आपल्या कागदांत उतरून घेतली.